ओझोनचे कवच कोणी वाचविले?

दरवर्षी १६ सप्टेंबरला जगभर ओझोन दिन पाळला जातो. सरकारी कचेऱ्यांतून भित्तिपत्रके लागतात, शाळांतून निबंधस्पर्धा होतात, मंत्र्यांचे संदेश वृत्तपत्रांच्या कोपऱ्यात छापून येतात आणि दुसऱ्या दिवशी साऱ्यांना त्याचा विसर पडतो. पण या दिवसामागची हकीकत विसरण्याजोगी नाही. १९८७ साली याच तारखेला माँट्रियल शहरी जो करार झाला, त्याने पृथ्वीभोवतीचे ओझोनचे कवच विरत जाण्याची क्रिया थोपविली. आज जगातील एकही राष्ट्र या कराराच्या बाहेर नाही. ज्या रसायनांनी हा थर पोखरला, त्यांपैकी सुमारे ९९ टक्के रसायनांचे उत्पादन व वापर बंद झाला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या वतीने २०२३ च्या जानेवारीत जाहीर झालेल्या शास्त्रीय अहवालानुसार, सध्याची धोरणे टिकून राहिली, तर ध्रुवप्रदेश वगळता उर्वरित जगावरील थर सुमारे २०४० पर्यंत, उत्तर ध्रुवावरील २०४५ पर्यंत आणि दक्षिण ध्रुवावरील २०६६ पर्यंत १९८० च्या पातळीवर येईल. एका पिढीने केलेली चूक सुधारण्यास तीन पिढ्या लागाव्यात, हे दुःखदायक खरेच. पण ती सुधारत आहे, हे निर्विवाद आहे.

प्रश्न आहे तो या यशाच्या श्रेयाचा. भांडवली जगातील प्रवक्ते हे यश मोठ्या खुबीने आपल्या खात्यावर जमा करू पाहतात. कंपन्यांनी जबाबदारी ओळखली, पर्यायी रसायने शोधली, बाजाराने ती स्वीकारली आणि संकट टळले, अशी ही कहाणी सांगितली जाते. रेगन आणि थॅचर या दोघांनी कराराला पाठिंबा दिला होता, याची आठवणही आवर्जून करून दिली जाते. त्यामागील हेतू स्पष्ट आहे. ओझोनचा प्रश्न जर बाजाराने सोडविला असेल, तर तापत चाललेल्या पृथ्वीचा प्रश्नही बाजारावरच सोपवावा, असा निष्कर्ष त्यातून आपोआप निघतो. म्हणून ही हकीकत मुळापासून तपासून पाहणे प्रत्येक कार्यकर्त्यास अगत्याचे आहे.

ओझोनचा बहुतेक साठा जमिनीपासून सुमारे १५ ते ३५ किलोमीटर उंचीच्या पट्ट्यात विरळपणे पसरलेला आहे. तो सगळा गोळा करून जमिनीवरील दाबाखाली आणला, तर त्याची जाडी जेमतेम तीन मिलिमीटर भरेल. सूर्याकडून येणाऱ्या घातक अतिनील किरणांपासून पृथ्वीवरील जीवसृष्टीचे रक्षण करणारे कवच ते एवढेच. हे किरण अधिक प्रमाणात जमिनीवर पोहोचले, की त्वचेचा कर्करोग वाढतो, डोळ्यांत मोतीबिंदू होतो, पिकांची वाढ खुंटते आणि ज्यांच्यावर समुद्रातील सारी अन्नसाखळी उभी आहे, त्या सूक्ष्म वनस्पतींना इजा पोहोचते.

या कवचाला धक्का लावणारी रसायने दुष्ट हेतूने जन्माला आली नव्हती, हेही नमूद केले पाहिजे. १९२० च्या दशकात फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड असे विषारी वायू वापरीत असत आणि त्यांची गळती होऊन माणसे दगावत. १९२८ साली जनरल मोटर्ससाठी काम करणाऱ्या थॉमस मिजली यांच्या गटाने क्लोरोफ्लुओरोकार्बन, म्हणजेच सी.एफ.सी., या कुळातील वायू शीतकरणासाठी पुढे आणला. तो विषारी नव्हता, पेट घेत नव्हता, कशाशीही संयोग पावत नव्हता. ड्यू पाँट कंपनीने ‘फ्रेऑन’ या नावाने त्याचा व्यापार जगभर नेला. फ्रिज, वातानुकूलन यंत्रे, गाद्यांचा फोम, सुगंधी फवारे, इलेक्ट्रॉनिक सुटे भाग धुण्याची द्रावणे अशा सर्व ठिकाणी त्याचा शिरकाव झाला. परंतु कशाशीही संयोग न पावण्याचा जो गुण, तोच अवगुण ठरला. खालच्या वातावरणात त्याचा नाश होत नाही. तो दशकानुदशके टिकून वर चढत राहतो आणि ओझोनच्या पट्ट्यात पोहोचल्यावर अतिनील किरणांच्या माऱ्याने फुटून क्लोरीन मोकळा करतो. हा क्लोरीन ओझोनचे रेणू मोडतो, पण स्वतः खर्ची पडत नाही. एक अणू हजारो रेणूंचा फडशा पाडतो.

हे सर्व मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलँड या दोन शास्त्रज्ञांनी १९७४ च्या जूनमध्ये प्रसिद्ध केले. करार झाला १९८७ मध्ये. मधल्या तेरा वर्षांत काय घडले, हेच या प्रकरणाचे मर्म आहे.

ड्यू पाँटने १९७५ साली वृत्तपत्रांतून जाहिराती देऊन सांगितले, की विश्वासार्ह पुरावा पुढे आल्यास आपण हे उत्पादन थांबवू. वरवर पाहता हे वचन सज्जनपणाचे. पण पुरावा विश्वासार्ह आहे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार आरोपीनेच आपल्याकडे ठेवला होता. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देण्याचाच हा प्रकार. जनमताच्या दडपणामुळे १९७८ मध्ये अमेरिकेत फवाऱ्यांतील सी.एफ.सी.वर बंदी आली, तेव्हा उत्पादकांनी व वापरकर्त्या उद्योगांनी १९८० मध्ये आपली संघटना उभारून पुढील निर्बंधांविरुद्ध मोर्चेबांधणी केली. रेगन यांची राजवट आल्यावर निर्बंधांचे भय ओसरले आणि पर्यायी वायूंवरील संशोधनही मंदावले. वस्तुतः याचा अर्थ सरळ आहे. कायद्याचा धाक होता तेव्हा संशोधन चालले, धाक सरला तेव्हा ते थंडावले. नफ्याच्या गणितात पृथ्वीच्या कवचाला रकानाच नव्हता. १९८७ मध्ये तर अमेरिकेच्या अंतर्गत खात्याच्या मंत्र्यांनी कराराऐवजी टोपी व काळा चष्मा वापरण्याचा मार्ग सुचविल्याची बातमी गाजली. पुढे त्यांनी सारवासारव केली. पण भर उन्हात भांगलण करणाऱ्या मजूर स्त्रीला चष्मा कोण देणार आणि समुद्रातल्या माशाला टोपी कोण घालणार, हा प्रश्न त्या बातमीने जगापुढे उभा केलाच.

मग पुरावा कोणी आणला? तो आणला सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या, कसलाही नफा न देणाऱ्या, चिकाटीच्या विज्ञानाने. दक्षिण ध्रुवप्रदेशातील हॅली येथील ब्रिटिश तळावर १९५० च्या दशकापासून डॉब्सन यंत्राने ओझोनची मोजणी चालू होती. वर्षानुवर्षे तेच यंत्र, तीच नोंदवही, तेच आकडे. अशा कंटाळवाण्या कामाला बाजारात काडीची किंमत नसते. परंतु त्या नोंदवहीतूनच जोसेफ फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन यांना दिसून आले, की ऑक्टोबर महिन्यातील ओझोन सुमारे ३०० एककांवरून २०० एककांच्या आसपास घसरला आहे. १९८५ च्या मे महिन्यात त्यांनी हे जाहीर केले. अमेरिकेच्या उपग्रहालाही हे खालावलेले आकडे मिळाले होते. पण अशक्यप्राय म्हणून ते बाजूला काढले गेले होते. पुढे सुझन सॉलोमन यांच्या गटाने दाखवून दिले, की ध्रुवीय हिवाळ्यात अतिशीत ढगांच्या कणांवर क्लोरीन मोकळा होतो आणि वसंतात सूर्य उगवताच ओझोनचा संहार सुरू होतो. ज्याला ‘ओझोनचे भोक’ म्हणतात, ते हेच.

या चिकाटीच्या विज्ञानात भारताचाही वाटा आहे. कोडाईकनाल येथे १९२० च्या दशकाच्या अखेरीसच ओझोनची मोजणी झाली होती. के. आर. रामनाथन हे आंतरराष्ट्रीय ओझोन आयोगाचे अध्यक्ष झाले. पुण्याच्या वेधशाळेत हवामानयंत्रे देशातच बनविण्याचा ध्यास घेतलेल्या अण्णा मणी यांनी फुग्याबरोबर आकाशात जाऊन ओझोन मोजणारे भारतीय उपकरण सिद्ध केले. १९८१ मध्ये गोव्याच्या किनाऱ्यावरून पहिली भारतीय मोहीम दक्षिण ध्रुवाकडे निघाली आणि पुढे तेथील भारतीय तळावरूनही असे फुगे सोडले जाऊ लागले. कोणत्याही कंपनीच्या ताळेबंदात न बसणारे हे काम आहे. ते सरकारी वेतनावर जगणाऱ्या संशोधकांनी व तंत्रज्ञांनी केले.

आता माँट्रियल कराराचे स्वरूप पाहा. त्यात बाजारावर भिस्त ठेवलेली नाही. कोणते रसायन, कोणत्या वर्षी, किती टक्क्यांनी कमी करावयाचे, याचे वेळापत्रक त्यात आहे. कराराबाहेर राहणाऱ्या देशांशी या रसायनांचा व्यापार करण्यास मनाई आहे. म्हणजे जे मुक्त व्यापाराचे तत्त्व भांडवली जगात वेदवाक्य मानले जाते, तेच येथे गुंडाळून ठेवावे लागले. उत्पादन किती व्हावे, हे मागणी-पुरवठ्याने नव्हे, तर राष्ट्रांच्या सभेने ठरविले. नियोजन या शब्दाला ज्यांनी आयुष्यभर नाके मुरडली, त्यांनी या नियोजनावर सह्या केल्या. ड्यू पाँटचे वर्तनही बोलके आहे. १९८८ च्या मार्चच्या आरंभी या कंपनीने अमेरिकन सिनेटरांना कळविले, की उत्पादन बंद करण्याइतका पुरावा नाही. आणि तीनच आठवड्यांत ते टप्प्याटप्प्याने बंद करण्याची घोषणा केली. मधल्या काळात शास्त्रज्ञांच्या मंडळाचा अहवाल आला होता, हे खरे. पण करार आधीच झालेला होता, निर्बंध अटळ होते आणि नव्या वायूंची बाजारपेठ आपल्याच हाती राहावी, हा हिशेबही उघड होता. कंपनीचे मतपरिवर्तन ही वरात नव्हे, वरातीमागून आलेले घोडे होते.

तथापि मूळ करारात एक मोठा अन्याय दडलेला होता. ज्या रसायनांनी कवच पोखरले, त्यांचा चार पंचमांशांहून अधिक वापर श्रीमंत देशांत झाला होता. भारतातील बहुसंख्य घरांत तेव्हा फ्रिजही नव्हता. विकसनशील देशांना दहा वर्षांची सवलत मिळाली. पण नवे तंत्रज्ञान कोण देणार आणि जुने कारखाने बदलण्याचा खर्च कोण सोसणार, यावर करार मूग गिळून बसला होता. त्यामुळे भारताने व चीनने आरंभी सही केली नाही. पाश्चात्त्य वृत्तपत्रांतून त्यांना आडमुठे ठरविण्यात आले. पण १९९० च्या जूनमध्ये लंडन येथे झालेल्या बैठकीत या दोन देशांनी इतर गरीब देशांसह ही बाजू नेटाने लढविली. भारताच्या वतीने तत्कालीन पर्यावरण मंत्री मनेका गांधी तेथे होत्या. अमेरिकेने असा निधी उभारण्यास आधी विरोध केला आणि शेवटी तो मागे घेतला. पहिल्या तीन वर्षांसाठी १६ कोटी डॉलरांचा निधी ठरला. भारत व चीन सामील झाल्यास त्यात आणखी ८ कोटींची भर पडावयाची होती. जगाच्या दरबारात नकाराची किंमत एवढ्या स्पष्ट आकड्यांत क्वचितच मांडली गेली असेल. १९९२ मध्ये भारत करारात सामील झाला.

रकमेपेक्षाही महत्त्वाची आहे या निधीची घटना. त्याच्या कार्यकारी समितीत सात सदस्य विकसित देशांचे आणि सात विकसनशील देशांचे असतात. जागतिक बँकेत ज्याचा पैसा मोठा, त्याचे मत मोठे. येथे मात्र देणारा व घेणारा एका पंक्तीला बसतात. या निधीतून आजवर चार अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम गरीब देशांतील कारखाने बदलण्यासाठी मंजूर झाली आहे. ही भीक नव्हे, नुकसानभरपाई आहे, हे तत्त्व त्यात मान्य झाले. त्याचे फळही मिळाले. दम्याच्या रुग्णांच्या औषधी फवाऱ्यांपुरती सवलत ठेवून भारताने १ ऑगस्ट २००८ पासून, म्हणजे मुदतीच्या सतरा महिने आधी, सी.एफ.सी.चे उत्पादन बंद केले. गरीब देशांना न्याय्य वाटा मिळाला तर ते जबाबदारी टाळत नाहीत, याचा याहून सबळ पुरावा कोणता हवा?

तंत्रज्ञानाच्या बाबतीतही एक प्रसंग चळवळीतील प्रत्येकाने लक्षात ठेवण्याजोगा आहे. जर्मनीच्या एकीकरणानंतर पूर्व जर्मनीतील शार्फेनस्टाइन येथील फ्रिजचा कारखाना मोडीत काढण्याचे घाटत होते. सी.एफ.सी. नको आणि मोठ्या रसायन कंपन्यांचे नवे महागडे वायूही नकोत, प्रोपेन व ब्युटेन यांसारखे साधे, स्वस्त, कोणाच्याही मालकीचे नसलेले वायू वापरून फ्रिज चालवावा, ही कल्पना ‘ग्रीनपीस’ या संघटनेने १९९२ मध्ये तेथे आणली. मरणपंथाला लागलेल्या त्या कारखान्याने नमुने बनविले. बड्या उत्पादकांनी हा फ्रिज म्हणजे स्वयंपाकघरातला बॉम्ब असल्याची हाकाटी केली. पण सुमारे सत्तर हजार ग्राहकांनी आगाऊ मागणी नोंदविली आणि पुढच्याच वर्षी कारखान्यातून नवे फ्रिज बाहेर पडू लागले. तंत्रज्ञानावर मक्ता सांगितला गेला नाही. ते सर्वांना खुले राहिले आणि काल हाकाटी करणारे उत्पादक त्याच वाटेने चालू लागले. आज जगात अशा फ्रिजची संख्या एक अब्जावर गेली आहे. शार्फेनस्टाइनचा कारखाना मात्र स्पर्धेत टिकला नाही. १९९६ मध्ये त्याचे दिवाळे निघाले. शोध सर्वांच्या कामी आला आणि शोधणारे कामगार रस्त्यावर आले. भांडवली व्यवस्थेचे न्यायदान ते असे.

येथे आत्मपरीक्षणही केले पाहिजे. सोव्हिएत संघातील कारखाने सरकारी मालकीचे होते, तरी त्यांनीही सी.एफ.सी. बनविले. बांधकाम चालू असलेल्या कारखान्यांसाठी त्या देशाने करारात खास सवलत मागून घेतली आणि संघ कोसळल्यावर रशियातील उत्पादन परदेशी साहाय्याने २००० साली बंद करावे लागले. मालकी बदलली म्हणजे निसर्गाशी असलेले नाते आपोआप बदलते, हा भ्रम आहे. उत्पादनाचे आकडे हेच प्रगतीचे एकमेव माप ठरले, की नफ्याची जागा उद्दिष्टांची टक्केवारी घेते आणि धुरांडे तसेच ओकत राहते. आपल्या देशातील डाव्या व समाजवादी चळवळीनेही बराच काळ पर्यावरणाचा प्रश्न हा खाऊनपिऊन सुखी असलेल्यांचा विरंगुळा मानला. ही चूक होती. उन्हात राबणाऱ्याच्या डोळ्यांचा आणि श्वासाचा प्रश्न कष्टकऱ्यांच्या पक्षाचा नसेल, तर कोणाचा असेल?

ओझोनचा लढा संपला, असे मानून चालणार नाही. जेथे जेथे बाजाराला मोकळे रान मिळाले, तेथे तेथे संकट वेष पालटून परत आले. सी.एफ.सी.च्या जागी कंपन्यांनी एच.सी.एफ.सी. आणि पुढे एच.एफ.सी. हे वायू आणले. एच.एफ.सी. ओझोनला अपाय करीत नाही. पण उष्णता कोंडून धरण्यात त्याचे काही प्रकार कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजार-दोन हजार पटींनी भारी आहेत. वास्तविक सी.एफ.सी. पृथ्वी तापवितात, हे वीरभद्रन रामनाथन यांनी १९७५ मध्येच दाखवून दिले होते. त्यांच्या वारसदार वायूंनी काय होईल, हे कळण्यासाठी दिव्यदृष्टीची गरज नव्हती. तरी पेटंटचा मलिदा ज्यात होता, तोच पर्याय पुढे रेटला गेला. एच.एफ.सी.वर निर्बंध घालणारा करार किगाली येथे होण्यास २०१६ साल उजाडावे लागले.

याहून उद्बोधक प्रकरण एच.एफ.सी.-२३ या वायूचे आहे. एच.सी.एफ.सी.-२२ बनविताना तो आपोआप निर्माण होतो आणि तो अत्यंत तापदायक आहे. तो जाळून नष्ट करणे स्वस्त व सोपे आहे. कायद्याने सक्ती केली असती, तर प्रश्न मिटला असता. परंतु क्योटो कराराखाली कार्बनचा बाजार भरविण्यात आला आणि हा वायू जाळणाऱ्या चीनमधील व भारतातील कारखान्यांना विकाऊ प्रमाणपत्रे देण्यात आली. त्यांची किंमत जाळण्याच्या खर्चाच्या कितीतरी पट भरली. कचरा हाच मुख्य माल झाला आणि मुख्य माल निमित्तापुरता उरला. अखेर युरोपने २०१३ पासून ही प्रमाणपत्रे नाकारली आणि भारत सरकारने २०१६ मध्ये कारखान्यांना हा वायू स्वखर्चाने नष्ट करण्याचा आदेश दिला. बाजाराने जे कोट्यवधींची उधळण करून अर्धेमुर्धे केले, ते एका सरकारी आदेशाने साधले. या एका उदाहरणात दोन व्यवस्थांमधील फरक सामावलेला आहे.

तिसरा धडा दक्षतेचा. सी.एफ.सी.-११ चे उत्पादन २०१० पर्यंत जगभर थांबावयास हवे होते. परंतु त्याचे हवेतील प्रमाण अपेक्षेप्रमाणे उतरत नसल्याचे शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये जाहीर केले आणि पुढील वर्षी पूर्व चीनकडे बोट दाखविले. स्वस्त फोम बनविण्यासाठी तेथे चोरून उत्पादन चालले होते. चोरी उघडकीस आली, कारवाई झाली आणि २०२१ पर्यंत उत्सर्जन पुन्हा घटल्याचे दिसून आले. ही चोरी पकडली तीही सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या मोजणीकेंद्रांनी. काटकसरीच्या नावाखाली अशा केंद्रांवर कुऱ्हाड चालविणारी सरकारे पहारेकऱ्यालाच घरी पाठवीत असतात.

आता आपल्या दाराशी काय चालले आहे, ते पाहू. भारतात वातानुकूलन यंत्रांची मागणी झपाट्याने वाढत आहे आणि उन्हाळे अधिकाधिक असह्य होत आहेत. किगाली करारान्वये भारताने २०२८ मध्ये एच.एफ.सी.चा वापर गोठवावयाचा असून २०४७ पर्यंत तो ८५ टक्क्यांनी खाली आणावयाचा आहे. एच.सी.एफ.सी.चा नवा वापर २०३० पर्यंत बंद व्हावयाचा आहे. वेळापत्रक योग्य आहे. पण त्याचे ओझे कोणाच्या पाठीवर पडणार? सी.एफ.सी. उत्पादन बंद करण्यासाठी भारतीय कारखानदारांना ८ कोटी २० लाख डॉलरांची भरपाई मंजूर झाली होती. गल्लीबोळांतून फ्रिज व ए.सी. दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या वाट्याला मात्र फार तर काही दिवसांचे प्रशिक्षण आले आणि तेही सर्वांपर्यंत पोहोचले नाही. दहाव्या मजल्याच्या बाहेरील बाजूस पट्ट्यावाचून लोंबकळत हा तरुण काम करतो. जुना वायू गोळा करून घेण्याचे यंत्र त्याला परवडत नाही. म्हणून तो नळी सोडतो आणि वायू हवेत जातो. दोष त्याला दिला जातो. उद्या पेट घेणारे वायू सर्रास वापरात येतील, तेव्हा धोकाही त्यालाच पत्करावा लागेल. ना विमा, ना भविष्यनिर्वाह निधी, ना अपघाताची भरपाई. २०१९ च्या राष्ट्रीय शीतकरण कृती आराखड्यात एक लाख तंत्रज्ञांच्या प्रशिक्षणाचे उद्दिष्ट होते. परंतु प्रशिक्षणाचा कागद हाती देणे वेगळे आणि कामगार म्हणून हक्क देणे वेगळे.

म्हणून या प्रश्नावर चळवळीच्या मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. वायू गोळा करून त्याची विल्हेवाट लावणारी केंद्रे प्रत्येक जिल्ह्यात सार्वजनिक खर्चाने उभारावीत आणि त्यासाठी उत्पादकांवर आकारणी करावी. दुरुस्ती कारागिरांची नोंदणी करून त्यांना अवजारे, विमा व सामाजिक सुरक्षा द्यावी. शार्फेनस्टाइनने खुला केलेला साध्या वायूंचा मार्ग आपल्या सरकारी प्रयोगशाळांनी वातानुकूलनासाठीही पुढे न्यावा, म्हणजे पेटंटधारकांच्या दारात आणखी एकदा उभे राहण्याची पाळी देशावर येणार नाही. आणि थंडावा ही केवळ यंत्र विकत घेऊ शकणाऱ्यांची मिरास राहू नये. पत्र्याखाली राहणाऱ्यांना हवेशीर घर, झाडांची सावली, दुपारच्या कामातून सुटी आणि दवाखान्यात औषधांसाठी शीतपेटी हवी. ए.सी. दुकानांतून थंडी ओसंडावी आणि त्या दुकानांमागील वस्तीने त्यांची गरम हवा सोसावी, हे न्यायाचे नाही.

एक आक्षेप येथे घेतला जाईल. सी.एफ.सी. बनविणारे कारखाने मूठभर होते. कोळसा व तेल यांवर तर साऱ्या जगाचा संसार उभा आहे, मग हा धडा तेथे कसा लागू पडणार? आक्षेपात तथ्य आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. रोग मोठा असेल तर औषधही मोठे लागते. मूठभर कारखान्यांना आवरण्यासाठी जर सक्तीचे वेळापत्रक, व्यापारबंदी आणि समान मताचा निधी लागला, तर पृथ्वी तापविणाऱ्या तेल-कोळशाच्या साम्राज्याला ऐच्छिक वचनांनी कसे आवरता येईल? श्रीमंत देशांनी २००९ मध्ये कोपनहेगन येथे २०२० पर्यंत दरसाल शंभर अब्ज डॉलर देण्याचे कबूल केले. तो आकडा त्यांच्याच हिशेबाने २०२२ मध्ये गाठला गेला आणि त्यातही कर्जाचा भरणा मोठा. माँट्रियल करार यशस्वी का झाला आणि हवामानाचे करार का लडखडतात, याचे उत्तर या तफावतीत आहे.

आकाशातील थर भरून येत आहे. तो कोणाच्या कृपेने भरत नाही. बर्फात नोंदवही सांभाळणाऱ्या संशोधकांनी, लंडनच्या बैठकीत मान न झुकविणाऱ्या गरीब राष्ट्रांनी, आपल्या मोडीत निघालेल्या कारखान्यात नवा फ्रिज घडविणाऱ्या कामगारांनी आणि सरकारांना सह्या करावयास लावणाऱ्या जनमताने तो भरावयास लावला. हवा कोणाच्या मालकीची नाही, हे तत्त्व जगाने एकदा कायद्यात उतरविले आहे. ते पुन्हा उतरविता येईल. मात्र त्यासाठी गावोगावच्या सभांतून, कामगारांच्या वस्त्यांतून आणि शाळा-कॉलेजांतून ही हकीकत खऱ्या श्रेयासह सांगितली गेली पाहिजे. १६ सप्टेंबरचा दिवस भित्तिपत्रकांवर सोडून देण्याचे कारण नाही. तो कार्यकर्त्यांनी आपल्या ताब्यात घेतला पाहिजे.